घराखालचा उजेड

वाळवीची ती रेघ पेन्सिलीइतकी जाड होती. खांबावरून सरळ वर आलेली, माथ्यावरच्या पत्र्याच्या टोपीपाशी थबकलेली, मग टोपीच्या कडेवरून बाहेर वळून तुळईत शिरलेली. ही टोपी वाळवीला अडवत नाही, फक्त उघड्यावर यायला लावते, म्हणजे वाकून बघणाऱ्याला ती दिसावी. मी बरीच वर्षं वाकून बघितलंच नव्हतं.

बघितलं ते माझा भाऊ रॉस याने आणलेल्या तपासनिसाने. ऑस्ट्रेलियातल्या इप्सविचमधलं हे आईवडिलांचं लाकडी घर खांबांवर उभं आहे आणि आम्हा दोघांच्या नावावर आहे. राहते मी एकटी. जागेला गिऱ्हाईक आलं होतं, पण त्याला घर नको होतं. ते पाडून तिथे फ्लॅट बांधायचे होते. रॉसचा हिस्सा विकत घ्यायची माझी ऐपत नव्हती आणि घर पाडायला हो म्हणायला जीभ वळत नव्हती. असं वर्ष गेलं.

"मागचे खांब कुजलेत," रॉस फोनवर म्हणाला. "आता तरी हो म्हण, ग्लेनिस."

"आधी दुरुस्त करून घेऊ. मग ठरवू."

"मग ठरवू! तुझ्या थडग्यावर हेच कोरून घेणार आहे मी."

दुरुस्तीवाले तिघे आले. पहिल्याने गाडीतून न उतरताच आकडा सांगितला. दुसऱ्याने एका खांबात स्क्रूड्रायव्हर खुपसला, तो मुठीपर्यंत आत गेला, तसा म्हणाला, "सगळेच गेलेत." तिसरी जनीन. पन्नाशीची, धिप्पाड, तोंडाने फटकळ. ती दुपारभर घराखाली रांगत होती. बाहेर आली तेव्हा बऱ्याचशा खांबांवर खडूच्या फुल्या होत्या.

"फुलीवाले धडधाकट आहेत. त्यांना मी हात लावणार नाही. दुसरा कुणी लावतो म्हणाला तर त्याला हाकलून दे."

"तुझ्यावर विश्वास कसा ठेवू?"

"नको ठेवूस. बूव्हालला म्हातारा क्लॅरी राहतो, त्याचं घर मी खांब बदलायला जॅकवर उचललं होतं. घर वाकडं बसलं की आधी दारं अडकतात. जा, दारं लागतात का विचार."

मी गेले. मी कशाला आले ते क्लॅरीने बघताच ओळखलं. "दारांसाठी ना? या, या." मग त्याने घरातलं एकेक दार, कपाटांचीसुद्धा, उघडून लावून दाखवलं. "न्हाणीघराचं बघा, एका बोटाने! पूर्वी खांदा लावायचो. बायको आत अडकली होती एकदा. शांत गेला तो दिवस."

जनीनला काम दिलं.

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं आहे. एका टोकाला दिलेला दाब तेलातून दुसऱ्या टोकाला कसा पोचतो, ते फळ्यावर असंख्य वेळा काढलं असेल. तुळयांखाली लावलेले जॅक काय करणार हे मला ठाऊक होतं. तरी जनीनने एकेका जॅकचा दांडा थोडाथोडा दाबत फेरी सुरू केली, तेव्हा मी दोन पावलं मागे सरले. छपराकडून एक लांब कुरकुर निघाली, भिंतीतून खाली उतरली आणि थांबली. मग टोपी आणि तुळई यांच्यामध्ये उजेडाची चीर दिसली. आधी कागदाएवढी. मग बोटाएवढी.

मी गवतावर आडवी झाले. त्या फटीतून पलीकडचं आंब्याचं झाड दिसत होतं, कुंपण दिसत होतं, शेजाऱ्यांचं कुत्रं चालत गेलेलं दिसलं. वर स्वयंपाकघर होतं, भरलेली कपाटं होती, आईने शेवटचा श्वास घेतला ती खोली होती. आणि त्या सगळ्याखाली सकाळचं ऊन. किती वेळ तशी पडून होते, सांगता येणार नाही.

"ते जमिनीला चिकटलेलं नाही," मी शेवटी म्हणाले.

"कशाने चिकटणार? नळ आणि वायरा, बस्स. मागे एक अख्खं घर गॅटन गावाला गेलं, ट्रकवर घालून. मालकिणीने पडदेसुद्धा काढले नव्हते."

अशी रस्त्याने जाणारी घरं मी लहानपणापासून पाहत आले होते. त्यांच्यासाठी गाडी कडेला घेऊन थांबलेही होते. पण ती नेहमी दुसऱ्यांची असत.

"हे एस्क गावापर्यंत जाईल? माझा तिथे जमिनीचा तुकडा आहे. सध्या गाई चरतात."

जनीन उकिडवी बसली. तुळईवर मुठीने ठोकत पार टोकापर्यंत गेली आणि परत आली. "ही एक बदलली तर जाईल. पण ओढून नेणारा वेगळा असतो, आणि मग इथलं माझं काम गेलं. तिथले खांब घालायचं काम मला देणार असशील तर बोल. लवकर ठरव, हे असं टांगून मला जेवायला जाता येणार नाही."

मी रॉसला फोन लावला.

"काय गं, पडलं?"

"नाही. हवेत आहे."

घर जनीनच्या आणि माझ्या डोक्यांवर किंचित करकरलं.

"रॉस," मी म्हणाले, "जागा विकून टाक. घर मी घेऊन जाते."