डाव्या पानावरची दुरुस्ती

मी वही बोलतेय. दोनशे पानांची, जाड पुठ्ठ्याची, एका कोपऱ्याला सोल्डरिंगचा चटका बसलेली. वहीनं बोलू नये, लिहिलेलं सांभाळावं, असं म्हणतात. मी ते काम चोख केलं. तरी माझ्यापायी एका माणसाचा हात गेला आणि एका बाईचं नाव गेलं. म्हणून बोलते आहे. ऐकायचं तर नीट ऐका, अर्ध्यात मिटू नका.

माझ्या जन्माचं कौतुक सांगण्यासारखं काही नाही. कापली, शिवली, गठ्ठ्यात बांधली. दुकानातून मला एका तरुण इंजिनिअर मुलीनं उचललं. दुसऱ्या दिवशी ती नोकरीवर रुजू होणार होती. माणसांची वहीशी वागायची रीत मला ठाऊक आहे. पहिल्या पानावर मोत्यासारखं अक्षर, चौथ्या पानापासून कोंबडीचे पाय, दहाव्या पानानंतर किराण्याची यादी. ही तशी नव्हती. तिचं अक्षर पहिल्या पानावर जसं, तसंच शेवटच्या पानावर. ते बघून मी हुरळून गेले होते. त्याच अक्षरानं पुढे घात केला.

नोकरी होती घरगुती उपकरणांच्या दुरुस्ती केंद्रात. लांब टेबलं, त्यांवर पोट उघडं टाकलेली यंत्रं, आणि सगळीकडे जळक्या वायरचा वास. पहिल्याच दिवशी तिथल्या मिस्त्रीनं तिच्यापुढे एक इस्त्री ठेवली. हा माणूस तीस वर्षं पंखे, मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करत आलेला.

"मॅडम, ही तापते, पण तापायची थांबत नाही. का हो?"

मॅडमनी उष्णतेवर दहा मिनिटं भाषण दिलं. मिस्त्रीनं शांतपणे ऐकलं, तीन स्क्रू काढले आणि आतली बोटभर पट्टी दाखवली. दोन वेगवेगळे धातू एकाला एक चिकटवलेले. तापली की पट्टी वाकते आणि वीज तोडते. इथे ती अडकून बसली होती.

"एवढंच आहे. पुस्तकात नव्हतं होय?"

सगळे हसले. तीही हसली, पण कान लाल झाले होते. जेवणाच्या सुट्टीत तिनं डबा उघडला नाही, मला उघडलं.

आतल्या पुठ्ठ्यावर तिनं आधी नियम लिहिला. 'उजव्या पानावर आज जे समजलं ते. पुढे ते चुकीचं निघालं तर खोडायचं नाही. समोरच्या डाव्या पानावर तारीख घालून खरं काय ते लिहायचं. झाकलेली चूक परत होते.' मला या नियमाचा भारी अभिमान वाटायचा. इतर वह्यांची तोंडं खोडाखोडीनं माखलेली असतात. माझ्या अंगावर एक ओरखडा नव्हता.

मग ती शिकत गेली. घरचं काही सुटलं नाही. आईचा रेडिओ, शेजाऱ्यांचा रिमोट, स्वतःचा जुना कॉम्प्युटर, सगळ्यांची आतडी तिनं बाहेर काढली. उजवीकडे लिहिलं, 'कीबोर्डच्या प्रत्येक बटणाची एक वायर कॉम्प्युटरला जाते.' पंधरा दिवसांनी कीबोर्ड उघडला, तर आत प्लॅस्टिकचे पातळ कागद, त्यांवर आडव्या-उभ्या रेषांचं जाळं. डावीकडे लिहिलं, 'चूक. कॉम्प्युटर एकेका ओळीला विचारत जातो, कोण दाबलं गेलंय?' उजवीकडे, 'फाइल पुसली की जाते.' डावीकडे, 'जात नाही. फक्त यादीतलं नाव जातं. त्या जागेवर दुसरं काही लिहीपर्यंत ती तिथंच असते.' हे कळलं त्या दिवशी ती एकटीच हसत बसली होती.

वर्षभरात मिस्त्रीच्या तोंडी 'मॅडम'ची 'पोरी' झाली. डबा खाऊन झाला की तो हात पुसून मला पुढे ओढायचा.

"आज किती चुकलीस?"

"तीन, काका."

"कमी झाल्या की गं. शिकायची थांबलीस का काय?"

असं चिडवायचा, पण रोज यायचा. त्याला कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं. मला वाटतं, तिला चुकताना आणि सुधारताना बघायला त्याला आवडायचं. माझ्या आयुष्यातले बरे दिवस तेवढेच.

आता एकशे तेराव्या पानाकडे येते. हे पान उजवं. त्यावर मायक्रोवेव्ह ओव्हनबद्दल लिहिलंय. ओव्हनच्या आत वीज साठवणारा एक डबा असतो, त्याला कपॅसिटर म्हणतात. तिनं लिहिलं, 'प्लग काढून पाच मिनिटं थांबावं. तेवढ्यात कपॅसिटर रिकामा होतो. मग हात घालायला हरकत नाही.' अकरा दिवसांनी समोरच्या डाव्या पानावर लिहिलं, 'चूक. रिकामा करणारा आतला भाग तुटला असेल तर तासाभरानंही डबा भरलेलाच असतो. आधी डिस्चार्ज करायचा, मग मीटरनं मोजायचं, मगच हात. ही चूक जीव घेईल.' शेवटच्या वाक्याखाली तिनं दोनदा रेघ ओढली. उजव्या पानावरची ओळ नियमाप्रमाणे तशीच ठेवली.

पुढे केंद्राच्या साहेबांना माझा वास लागला. वरून हुकूम आला होता, की कारागिरांसाठी मार्गदर्शक पुस्तिका तयार करा. साहेबांनी आयुष्यात एक स्क्रू काढलेला नव्हता. ते गोड आवाजात म्हणाले, "दोन दिवस द्या वही, चाळतो जरा." तिनं आनंदानं दिली. आपलं काम कुणी वाचतंय म्हटलं की शहाणी माणसंही भोळी होतात.

त्याच आठवड्यात तिच्या आईचं ऑपरेशन निघालं आणि ती तीन आठवडे रजेवर गेली. जाताना तिनं दारातून विचारलं, "साहेब, वही?" साहेब म्हणाले, "आल्यावर घ्या, पळून जातेय का कुठे?"

त्या दुपारी साहेबांनी मला कारकुनापुढे टाकलं. कारकुनानं पानं उलटली आणि म्हणाला, "साहेब, डावीकडे सगळीकडे 'चूक, चूक' लिहिलंय. हेही घ्यायचं?"

"वेडे आहात का? वरचे लोक म्हणतील, आमच्याकडे इतकं चुकतात? डावी पानं वगळा. उजवी स्वच्छ आहेत, तेवढीच झेरॉक्स काढा."

उजवी स्वच्छ आहेत! मला ओरडावंसं वाटलं. स्वच्छ आहेत, कारण चुका तशाच ठेवल्यात हो, आणि औषध समोरच्या पानावर आहे. पण झेरॉक्सच्या काचेवर पालथी पडलेल्या वहीचं कोण ऐकतो? डोळ्यांवरून उजेड फिरला, पान उलटलं, परत उजेड. आतल्या पुठ्ठ्यावरचा नियमही वगळला गेला. पुस्तिका तयार झाली. आत तिचं अक्षर, मुखपृष्ठावर साहेबांचं नाव.

दुसऱ्या आठवड्यात ओव्हनवाला कारागीर आजारी पडला आणि साहेबांनी एक ओव्हन मिस्त्रीकडे सरकवला. मिस्त्रीनं ओव्हन कधी उघडला नव्हता. त्यानं पुस्तिका उघडली. मी साहेबांच्या खोलीतल्या कपाटात होते. भिंतीपलीकडून आधी काहीच ऐकू आलं नाही. मग एक फटाका फुटल्यासारखा आवाज, स्टूल पडल्याचा आवाज, आणि कुणीतरी किंचाळलं, "मेन बंद करा! मिस्त्री पडले!"

जीव वाचला. उजव्या हाताची तीन बोटं कायमची वाकडी झाली. पेनसुद्धा धरता येईना, स्क्रू ड्रायव्हरचं तर नावच सोडा.

चौकशीला वरून दोघेजण आले. ते साहेबांच्याच खोलीत बसले, माझ्या कपाटाला पाठ लावून. पुस्तिकेचं मुखपृष्ठ एव्हाना बदललं होतं. अपघाताआधी त्यावर साहेबांचं नाव होतं, आता तिचं होतं. माणसं इतकी उदार होताना मी दुसऱ्यांदा पाहिली नाहीत.

"हे अक्षर तुमचंच ना?"

"माझंच. पण समोरचं पान बघा ना. तिथं दुरुस्ती आहे, तारखेसकट."

"कुठलं समोरचं पान?"

"मूळ वहीत. वही साहेबांकडे आहे."

"मी परत केली होती," साहेब म्हणाले. "त्यांच्या लक्षात नसेल. घरी आजारपण होतं ना, डोकं ठिकाणावर नसतं माणसाचं."

मी त्यांच्या खुर्चीमागे दोन हातांवर होते. सांगा, याला काय म्हणायचं? त्यानंतरही साहेब रोज कपाट उघडत, मला बघत आणि माझ्यावर आणखी एक फाइल ठेवत. मला जाळायलाही धीर लागतो, तोही त्या माणसात नव्हता. तिच्या नावापुढे 'निष्काळजीपणा' असा शेरा पडला. तिनं राजीनामा दिला.

तीन वर्षं गेली. साहेबांना बढती मिळाली. ते अजून मोठ्या खोलीत गेले आणि कपाट रिकामं करायला शिपायाला लावलं. त्याला मी सापडले. त्यानं पुठ्ठ्यावरचं नाव वाचलं, मला पिशवीत घातलं आणि थेट तिच्या घरी आणून दिलं.

"ताई, मला बोलू नका. मला आजच दिसली."

ती आता एका शाळेत कॉम्प्युटरच्या खोलीची देखभाल करते. तिनं दारातच एकशे तेरावं पान उघडलं, डावीकडे बघितलं आणि मटकन उंबऱ्यावर बसली. मग रडली. मग उठून चपला घातल्या. तिला फक्त एकाच माणसाला हे दाखवायचं होतं. मलाही वाटलं, चला, सुटलो एकदाच्या आपण दोघी.

मिस्त्रीच्या बायकोनं दार उघडलं आणि नुसतं "या" म्हणाली. मिस्त्री खिडकीशी डाव्या हातानं चहा पीत बसला होता. तिनं मला त्याच्या मांडीवर ठेवलं. त्यानं उजवं पान वाचलं. मग डावं वाचलं. मग पुन्हा उजवं.

"अकरा दिवसांत कळलं होतं तुम्हाला," तो म्हणाला.

"हो काका. तारीख बघा ना. साहेबांनी मुद्दाम डावी पानं वगळली. मी सांगत होते सगळ्यांना."

"मला वाटलं, चुका काढून फक्त बरोबर तेवढंच छापलंय. त्यात तुमचं अक्षर. मी घड्याळ लावून थांबलो होतो. पाच नाही, सहा मिनिटं थांबलो."

त्यानं वाकडी बोटं त्या ओळीवर ठेवली. ती सरळ होईनात, म्हणून मनगटानंच पान दाबून धरलं.

"एक विचारू का मॅडम? जीव घेईल असं कळल्यावर ही ओळ खोडली का नाही तुम्ही?"

"माझा नियम होता, काका. चूक लपवायची नाही असा."

"लपवा कोण म्हणतंय? एक आडवी रेघ मारायची. खालचं वाचताही आलं असतं."

एवढी साधी गोष्ट. दोनशे पानं, एवढं शिक्षण, एवढा प्रामाणिकपणा, आणि ही एक रेघ आम्हा दोघींनाही सुचली नव्हती. मीही माझ्या नितळ अंगाचा तोराच मिरवत राहिले ना!

तिनं पर्समधून पेन काढलं, टोपण उघडलं आणि थांबली. "आता खोडली तर पुरावा बदलल्यासारखं होईल."

"पुरावा दाखवणार कुणाला? मला दाखवलात. मी बघितला." त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "तुमच्यावर राग नाही माझा. पण चांगलं वाटलं असंही म्हणणार नाही."

तिनं टोपण लावलं. निघताना मिस्त्रीची बायको म्हणाली, "अहो, वही राहिली." ती म्हणाली, "राहू दे." त्यानंतर ती आली नाही.

आता मी मिस्त्रीच्या घरात रद्दीच्या गठ्ठ्यावर आहे. साहेबांना शिव्या द्यायच्या तर पानं पुरणार नाहीत माझी, आणि त्या द्यायलाच हव्यात. पण त्या माणसाचा प्रश्न ऐकल्यापासून मला स्वतःला निर्दोष म्हणवत नाही. ती ओळ अजून माझ्या अंगावर आहे, ठसठशीत, सुंदर अक्षरात. उद्या मला कुणी घेऊन जाईल, घाईत फक्त उजवं पान वाचेल, आणि ती ओळ त्यालाही सांगेल, की पाच मिनिटं थांब, मग हात घालायला हरकत नाही. मी ज्याच्या कुणाच्या हाती लागेन, त्याच्यापुढे हात जोडते. बाकी काही वाचू नका. आधी पेन घ्या, एकशे तेरावं पान काढा, आणि ती ओळ खोडा.