धानाच्या दाण्याएवढा दाब

मित्रांनो, मी एक जुना ट्रेनर आहे. ट्रेनर म्हटलं की गळ्यात शिट्टी अडकवून मुलांना मैदानाभोवती पळवणारा माणूस तुमच्या डोळ्यांसमोर येईल. तसा मी नव्हे. मी लोखंडाचा, पाय फाकवून उभा राहिलेला एक बुटका घोडा आहे. सायकलचं मागचं चाक माझ्या दोन पंजांत अडकवायचं, माझ्या रुळावर टेकवायचं आणि घरच्या घरी पायडल मारायचे. चाक फिरतं, घाम निघतो, सायकल मात्र जिथल्या तिथे. उभ्या आयुष्यात मी स्वतःहून वीतभरसुद्धा पुढे सरकलेलो नाही. तरीही छाती फुगवून सांगतो, आंधळगावच्या डोमाजी पोस्टमनना सालईटोल्यापर्यंत मीच पोचवलं.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला. गरम रंगाचा वास आणि नंतर खोक्यातला अंधार, एवढंच मला त्यातलं आठवतं. खोकं उघडलं ते नागपूरला, योगेंद्र साहेबांच्या गॅलरीत. लॉकडाऊनचे दिवस होते, साहेबांचं पोट सुटू लागलं होतं, आणि त्यांनी मला मोठ्या हौसेने मागवलं होतं. पहिला महिना काय माझा थाट! रोज पुसणं काय, फोटो काय, पाहुण्यांना दाखवणं काय. पण नव्याचे नऊ दिवस. पुढे साहेबांचं ऑफिस सुरू झालं, सायकल विकली गेली, आणि माझ्यावर ओले टॉवेल वाळू लागले. तीन पावसाळे मी गॅलरीत काढले. रूळ गंजला, बेअरिंग आवळून आले, पायांचे रबर कुठे पडले ते कबुतरांना ठाऊक. मित्रांनो, मोडून पडण्याचं दुःख मला नाही. धडधाकट असताना कुणी हात लावत नाही, त्याचं फार वाटतं.

एके दिवशी भंडाऱ्याहून रीना आली. तिने मोबाईलवर माझी जाहिरात पाहिली होती. साहेब म्हणाले, थोडा आवाज करतो. रीनाने खाली बसून हाताने माझा रूळ फिरवला, तेव्हा मी चांगलाच कण्हलो. पण रीना दवाखान्यात नर्स. कण्हणाऱ्याला ती कशाला घाबरते! तिने मला उचललं आणि बसमध्ये स्वतःच्या सीटखाली घातलं.

डोमाजी हे रीनाचे वडील. त्यांनी चाळीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलं. आंधळगावातून निघायचं, नाल्यावरचा रपटा, म्हणजे पाण्यालगतचा बिनकठड्याचा बुटका पूल, ओलांडायचा, दोन वस्त्या करायच्या आणि शेवटी सालईटोल्याला सत्यभामाबाईंच्या दारात थांबायचं, ही त्यांची रोजची फेरी. सत्यभामाबाईंना वाचता येत नव्हतं. लेकाचं पत्र डोमाजींनी वाचून दाखवायचं आणि त्यांच्या हातचा चहा पिऊन परतायचं, असा शिरस्ता होता. नोकरी संपली तरी डोमाजींनी फेरी सोडली नाही. पत्र नसलं तर नसलं, ख्यालीखुशाली तर असते ना. मग एका श्रावणात रपट्यावरच्या शेवाळावरून चाक घसरलं आणि मांडीचं हाड मोडलं.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सळी घालून हाड जोडलं. वर्षाने तपासून सांगितलं, पाय ठणठणीत आहे, चालवा सायकल. पण भीतीवर कोण सळी घालणार? डोमाजी अंगणातल्या खुर्चीत बसले ते बसलेच. सत्यभामाबाईंनी तीनदा निरोप धाडला. शेजारचा मंगरू मोटरसायकलवर न्यायला तयार होता. डोमाजींचं उत्तर एकच, जाईन तर सायकलनेच जाईन. आणि सायकल तर आतल्या खोलीत चादरीखाली. दिवसेंदिवस त्यांचं बोलणं कमी होत चाललं होतं, जेवणही. त्यांच्या पत्नी, लीलाबाई, मनातून हादरून गेल्या होत्या. आता खरा प्रश्न पायाचा राहिला नव्हता. डोमाजी त्या खुर्चीतून उठतात की तिथेच संपतात, एवढाच होता.

अशा घरात मी आलो. विहाराच्या मागच्या गल्लीतलं चौथं घर. दिवाळी उरकली होती आणि गावभर धानाची चुरणी, म्हणजे मळणी, चालू होती. मंगरूने कुंपणावरून मला पाहिलं आणि विचारलं, उपणायच्या पंख्याचा स्टँड दिसतो, पंखा कुठे आहे? रीनाने समजावून सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला.

डोमाजी मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "मले घाण्याले जुंपून राहिली का तू, पोरी?"

त्यात भर म्हणजे सायकल माझ्यात बसेचना. मी पडलो शहरी, सडपातळ चाकांच्या सायकलींचा. डोमाजींची सायकल काळी, उंच, मागे कॅरिअर आणि लोखंडी स्टँड असलेली. तिचे नट माझ्या पंजात मावत नव्हते. डोमाजींना मनातून बरंच वाटलं असावं, कारण ते त्या दिवशी दोन घास जास्त जेवले. रीनाची रजा संपली आणि ती गेली. मला वाटलं, आता इथेही टॉवेलच.

पण लीलाबाईंनी मला पोत्यात गुंडाळलं आणि दुसऱ्या दिवशी काळीपिवळी जीपमध्ये घालून थेट तुमसरला नेलं. त्यांचे थोरले भाऊ दादाजी तिथल्या एका राईस मिलमध्ये मिस्त्री होते. मिल म्हणजे काय गर्जना! पट्टे फिरत होते, कोंडा उडत होता, आणि दादाजी त्या गदारोळात शांतपणे कानावर विडी खोचून उभे. त्यांनी मला उलटंपालटं केलं आणि एकच शब्द काढला, रूळच आहे की. मित्रांनो, तीन पावसाळ्यांनंतर मला ओळखणारं कोणी भेटलं होतं.

त्यांनी मला पूर्ण खोललं. रॉकेलमध्ये धुतलं, मेलेले बेअरिंग काढून मिलमधले चांगले बसवले, रुळाचा गंज लेथवर उतरवला. माझ्या सांगाड्याला पट्टी जोडून त्यांनी उंच चाकाची सोय केली. सायकलचं मागचं स्टँड काढायला सांगितलं आणि पंजात बसतील असे दोन नट नव्याने घडवून दिले. धान भरडून झिजलेला मिलचा एक रबरी रूळ कोपऱ्यात पडला होता. त्याचे तुकडे कापून त्यांनी माझ्या पायांना बूट केले. असे बूट नागपुरातल्या एकाही ट्रेनरकडे नसतील.

शेवटी आला दाबाचा प्रश्न. माझा रूळ चाकाला किती घट्ट टेकवायचा? कंपनीचं पुस्तक तर केव्हाच हरवलं होतं. दादाजी बहिणीला मिलच्या यंत्राशी घेऊन गेले. दोन रबरी रूळ एकमेकांना लागून फिरत होते आणि त्यांच्यामधून धान जात होतं. सैल ठेवलं तर धान तसंच बाहेर पडतं, फार आवळलं तर कणी होते, असं त्यांनी समजावलं. मग मूठभर धान तिच्या पदरात टाकलं.

"चाकाच्या न् रुळाच्या मधात एक दाना ठेवजो," ते म्हणाले. "दाना अडकला पायजे, फुटला नाई पायजे." आणि माझं पोतं बांधता बांधता, "जवायालेबी असाच दाब देजो."

लीलाबाईंनी पहिला भाग ऐकला, दुसरा कानाआड केला. घरी आल्यावर त्यांनी नवे नट लावून सायकल माझ्यात बसवली. त्यांना वाटलं, जितकं घट्ट तितका गुण लवकर. त्यांनी स्क्रू पिळून पिळून आवळला. दाणा कटकन फुटला, तरी त्या थांबल्या नाहीत. वर डोमाजींना बोलून बोलून भंडावलं आणि सायकलवर चढवलं. चार पायडलांत त्यांची मांडी थरथरू लागली. ते उतरले, खुर्चीत बसले आणि दोन दिवस माझ्याकडे पाठ करून राहिले. लीलाबाई माझ्याजवळ आल्या तेव्हा जमिनीवर फुटलेल्या दाण्याची कणी पडली होती. ती त्यांनी बोटाने उचलली आणि बराच वेळ पाहत बसल्या. मग स्क्रू सैल केला, नवा दाणा ठेवला, हलक्या हाताने आवळत आणला. दाणा अडकला आणि अख्खा राहिला. तिसऱ्या दिवशी त्या डोमाजींना काहीच म्हणाल्या नाहीत. सायकलच्या सीटवरची धूळ पुसली आणि चहा ठेवायला आत गेल्या. डोमाजी उठले आणि आपणहून चढले.

तेव्हापासून रोज सकाळी आमची फेरी सुरू झाली. पहिल्या दिवशी पाच मिनिटं, मग दहा, मग वीस. डोमाजी डोळे मिटून पायडल मारायचे आणि तोंडाने पुटपुटायचे. चावडी आली, शाळा आली, पानठेला आला. बसल्या जागी ते आपली जुनी वाट चालवत होते. मंगरू बैल घेऊन जाता जाता रोज न चुकता ओरडायचा, "डोमाभाऊ, कुठवरी पोचले?" डोमाजी उत्तर देत नसत.

पण एक गोष्ट मला रोज कळायची, कारण ती माझ्या रुळावर घडायची. पानठेल्यानंतर रपट्याचं नाव ओठांवर आलं की डोमाजींचा पाय थांबायचा. दमायचे म्हणून नव्हे. पाय नुसता ताठ व्हायचा आणि माझा रूळ हळूहळू फिरायचा बंद व्हायचा. मग ते खाली उतरायचे. महिना झाला, पाय भक्कम झाला, तरी आमची फेरी त्या रपट्याच्या अलीकडेच संपायची. मला माझीच लाज वाटू लागली होती. चाक फिरवणं माझं काम, पण तो रपटा काही माझ्याने ओलांडवत नव्हता.

लीलाबाई शेजारी सूप घेऊन निवडत बसायच्या. त्यांच्याही ते ध्यानात आलं होतं. पौष संपत आला तेव्हा एका सकाळी पाय असाच थांबला. लीलाबाईंनी सूप खाली ठेवलं, उठल्या आणि सायकलच्या कॅरिअरवर हात ठेवला. ढकललं नाही, ओढलं नाही, नुसता ठेवला.

"अजी," त्या हळूच म्हणाल्या, "सत्यभामाबाईनं चाय मांडली असन."

"पानी हाय वो," डोमाजी डोळे न उघडता म्हणाले.

"पाऊलभर हाय. मी हावो मागं."

मग वरून पायाचा भार आला. रूळ अर्धा फिरला, पुरा फिरला, आणि मग असा घरघरला की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. पहिली वस्ती गेली, दुसरी गेली. डोमाजींच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि पाय थांबत नव्हते. पोचलो, असं म्हणून ते उतरले तेव्हा लीलाबाईंनी तोंडाला पदर लावला होता. माझ्या लोखंडी जन्मात इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

पंधरा दिवस आम्ही रोज रपटा ओलांडला. सोळाव्या दिवशी डोमाजींनी स्वतः पाना घेतला, सायकल माझ्या पंजांतून सोडवली आणि फाटकाबाहेर काढली. लीलाबाईंनी त्यांच्या गळ्यात दुपट्टा टाकला. सांभाळून जा म्हणण्याचा मोहसुद्धा त्यांनी गिळला. एवढा दाब त्यांना आता कळत होता.

मी अंगणात मोकळा उभा राहिलो. लीलाबाईंनी एकच सूपभर तांदूळ तीनदा निवडला. मंगरू येऊन फाटकाशी बसला, आणि त्यालाही थट्टा सुचत नव्हती. ऊन डोक्यावर आलं. आणि मग गल्लीच्या तोंडाशी घंटी वाजली, पोस्टमनची, चाळीस वर्षं ओळखीची. घराघरांतून माणसं बाहेर आली. डोमाजी ताठ बसून येत होते आणि कॅरिअरला सत्यभामाबाईंच्या धानाच्या बांधीतल्या, म्हणजे शेतातल्या, लाखोरीच्या कोवळ्या भाजीची जुडी बांधलेली होती.

मंगरू उठून उभा राहिला. सवयीने त्याच्या तोंडून निघालं, "डोमाभाऊ, कुठवरी पोचले?"

"सालईटोल्याले जाऊन आलो," डोमाजी म्हणाले. "रपट्यावरून. दोनदा."

मग सगळे हसले, डोमाजी सगळ्यांत मोठ्याने. संध्याकाळी त्यांनी सायकल पुन्हा माझ्यात अडकवली, तेव्हा चाकाच्या खाचेत शेवाळाची एक हिरवी काडी अडकून आली होती. चाक फिरलं आणि ती माझ्या रुळाला चिकटली. ज्याने डोमाजींना पाडलं होतं ते शेवाळ आता माझ्या अंगावर वाळत होतं. कुठल्याही साहेबाने असा बिल्ला मला लावला नव्हता.

मित्रांनो, तुमच्या घरात कुठे कपड्यांच्या ढिगाखाली माझा एखादा भाऊबंद उभा असेल. त्याच्यावरचे टॉवेल उचला. चार थेंब तेल द्या, रूळ हाताने फिरवून पाहा, आणि तुम्हाला नको असेल तर ज्याला हवा त्याला द्या. त्याच्यावर कुणाला बसवाल तेव्हा धानाचा दाणा विसरू नका. यंत्राला आणि माणसाला, दोघांनाही तेवढाच दाब सोसतो.

आता डोमाजींना माझी गरज उरली नाही. मंगरूचा गुडघा धरतो, म्हणून तोच एकदा मान खाली घालून मला मागायला आला. डोमाजींनी मला त्याच्या पडवीत स्वतः नेऊन ठेवलं, दादाजींचे दोन्ही नट त्याच्या सायकलला बसवून दिले आणि त्याच्या तळहातावर मूठभर धान ठेवलं. रोज सकाळी मंगरू माझ्यावर कण्हत कण्हत पायडल मारतो. तेवढ्यात गल्लीतून घंटी वाजते, सालईटोल्याकडे निघालेली काळी सायकल पडवीसमोर थोडी हळू होते, आणि डोमाजी विचारतात,

"मंगरू, कुठवरी पोचला बा?"