राहिलेला अंतरा

मिठाच्या बरणीचं झाकण खणकलं आणि दुपारचं निजलेलं घर दचकलं.

"पुन्हा मीठ?" आतून जिजाबाई, सासूबाई, बोलल्या. "भाजीले चिमूटभर अन् गाण्याले पायलीभर! कोणता गवई एवढं मीठ खाते वं?"

पुष्पलता हसली. मीठ दिव्यांसाठी होतं, हे सासूबाईंना चांगलं ठाऊक होतं. तळ बुजवलेल्या चिनी मातीच्या पाइपात मिठाचं पाणी, त्यात दिव्यांच्या तारेला जोडलेले दोन पत्रे. पत्रे जवळ आले की रंगमंच उजळायचा. वरचा पत्रा दोरीनं वर ओढला की अलगद मावळायचा. हात जितका हळू, तितका अंधार मऊ. नागपुरात मैफलींची प्रकाशयोजना करणारी ती एकटीच बाई.

हे काम तिला मिळालं ते गायिका गोपिकाबाईंमुळे. "बाईमाणसाच्या हाती करंट कसा द्यावा?" म्हणून आयोजक कुरकुरत होते. तंबोरा जुळवता जुळवता, मान वरही न करता गोपिकाबाईंनी विचारलं होतं, "तुमच्या घरी दिवा कोण लावते गा?"

आयोजकांनी दोरी पुष्पलतेच्या हाती दिली.

आज त्यांचीच मैफल. पण गळा आताशा दगा देऊ लागला होता. मागच्या मैफलीत आवाज फाटला, तेव्हा शेवटच्या रांगेत कोणीतरी खुसखुसलं. ते हसू पुष्पलतेच्या जिवाला लागून राहिलं होतं. आज तसं झालंच, तर आपण दिवे उतरवायचे. लोकांना वाटेल, शेवटच असा योजलाय. तिनं मनाशी ठरवून टाकलं. गोपिकाबाईंना विचारलं नाही. विचारायचं तरी कोणत्या तोंडानं?

धाकट्या लेकीचा, मनूचा, बाप कोराडीच्या वीजघरात पाळीवर, आणि मनू काही सासूबाईंजवळ राहीना. विंगेत लांब एका ट्रंकेवर बसवून पुष्पलतेनं तिला बजावलं, "इथून हलायचं नाही."

भैरवी सुरू झाली. मुखडा घोळवून गोपिकाबाई वरच्या षड्जाकडे निघाल्या आणि आवाज चिरला. त्या थांबल्या. डोळे मिटलेले, हात मांडीवर. तबला ठेका धरून होता. मागं कोणीतरी खोकलं. खोकलाच होता का आणखी काही, ते कळायलाही पुष्पलता थांबली नाही. तिनं दोरी ओढली. उजेड तंबोऱ्यांवरून उतरला, मग त्या पांढऱ्या केसांवरून. शेवट झाला असं समजून तबलजीनं तिहाई घेतली, आणि अंधारात टाळ्यांचा कडकडाट झाला.

"काय शेवट केला ताई तुम्ही!" आयोजक रुपराव धावत आले. "अंगावर काटा आला."

त्यांच्या मागून भिंतीला धरत गोपिकाबाई आल्या. रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पदरानं कपाळ टिपत हळूच म्हणाल्या, "दम घेऊन राहिली होती वं मी. अंतरा राहिला होता."

मनूच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला. पुढच्या खेपेला म्हणू, असं काही त्या बोलल्या नाहीत. रुपरावांचा हात धरून पायऱ्या उतरून गेल्या.

सभागृह रिकामं झालं. पुष्पलता पाइप तिरपा करून खारं पाणी मोरीत ओतू लागली. मनू ट्रंकेवरून उतरून जवळ आली, पाण्याकडे पाहत राहिली.

"आई, आजी गाऊन राहिली होती नं? मग तू अंधार काहून केला?"