हिवाळ्यात जागे झालेले फुलपाखरू

कोंडलेल्याला सोडवणे हा दयेचा सहज धर्म आहे. परंतु ज्याचे प्राण कोंडण्यानेच वाचणार असतात त्याच्याशी दयेने कसे वागावे, हा प्रश्न योर्डिस आणि एवर्ट या वृद्ध दांपत्यापुढे एका फेब्रुवारीत उभा राहिला.

उत्तरेकडच्या आमच्या वेर्मलांड प्रांतात त्या वर्षी हिम खिडक्यांना टेकले होते. एवर्ट नाताळापूर्वीच अंथरुणाला खिळला होता आणि त्याच्या छातीसाठी ती एकच खोली अहोरात्र तापवावी लागे. एका सकाळी योर्डिसने भूर्जाचे ओंडके आत आणले. एकाच्या सालीला जळक्या पानासारखे काही बिलगले होते. शेगडीची ऊब लागताच ते उघडले : तांबडे पंख, चारही पंखांवर निळसर डोळे. पाहता पाहता ते काचेवर धडका देऊ लागले.

"ते लहान नारिंगी फुलपाखरू असतं ना, तेच हे," एवर्ट म्हणाला.

"चष्मा लाव, म्हाताऱ्या. त्याला असले डोळे कुठले? हे मोरडोळं."

"असू दे. खिडकी उघड. आपल्यातलं एक तरी बाहेर जाऊ दे."

"बाहेर कुंपणसुद्धा गाठणार नाही ते. वसंतापर्यंत झोपायचं, मग घरामागच्या खाजकोलतीच्या रोपांवर अंडी घालायची, तिथं काळ्या काटेरी अळ्या व्हायच्या, असा त्याचा क्रम. इथं फडफडत राहिलं तरी मरेल. बटाट्यांच्या तळघरात ठेवते. गार अंधारात."

"अंधारात! मग मलाही टाक तिथंच."

"तुला नको. बटाटे संपवशील."

एवर्ट हसला नाही. काचेवर फुलपाखराने पंख घासले तेव्हा सूक्ष्म फूत्कार उमटला. तो आवाज ऐकत एवर्ट पडून राहिला. खिडकी उघड, सबंध हिवाळ्यात त्याने एवढेच मागितले होते. योर्डिसचा हात खिडकीच्या कडीपर्यंत गेला आणि तिथेच थबकला.

"राहू दे," तो अखेर म्हणाला. "खोका आण. आणि त्याला इकडे दे, मी ठेवतो."

तिने ओंजळीतून दिलेले फुलपाखरू त्याने खोक्यात सोडले.

"तळघराला झरोका आहे ना?"

"आहे. वसंतात वाळुंजाचं झाड फुललं की उघडायचा."

"आणि विसरलीस तर?"

"विसरणारच मी. तू आठवण करून द्यायची."

एवर्टने झाकण हलकेच लावले. "देईन करून," तो म्हणाला. योर्डिस खोका घेऊन हिमातून तळघराकडे गेली.

त्या इवल्या जीवाची निद्रा अखंड राहो. आणि आठवण करून देणारा आवाज वसंतापर्यंत त्या घरात नांदो.