तिसरा पिवळा फॉर्म

सीमेच्या नाक्यावरच्या रांगेत मध्येच घुसलेल्या गाडीवाल्याला गेरिजीने कॉलर धरून खिडकीतून अर्धा बाहेर ओढला, दोन मुस्कटात ठेवून दिल्या आणि परत आपल्या जागेवर येऊन बसला. "आता लावेल नीट रांग," तो म्हणाला. मागे बसलेल्या उंगातने मान खाली घातली. त्याला त्या गाडीवाल्याची दया नाही आली, हेवा वाटला. त्याचं दोन थपडांत भागलं होतं.

गेरिजीचं बोलणं हाताने चालायचं. आई लवकर गेली, बाप वर्षातले दहा महिने लाकूडतोडीच्या छावणीत. धाकट्या उंगातला वाढवलं ते या थोरल्यानेच, एका हाताने घास भरवत आणि दुसऱ्याने बडवत. उंगातचा एक दात शाळा बुडवल्याबद्दल पडला होता, नाक तापल्या अंगाने नदीत उतरल्याबद्दल वाकडं झालं होतं. भाऊ आपल्यासाठी जीव देईल, याबद्दल उंगातला शंका नव्हती. आधी आपला घेईल, एवढंच.

शनिवारी त्यांच्या लांबघरात, सगळी वस्ती जिथे एकाच छपराखाली राहायची तिथे, मेलेल्यांचा सण होता. बापाला जाऊन दोन वर्षं झाली तरी त्याची पाठवणी राहिली होती. त्याच्या नावाचा पेला घरच्या पुरुषाने एका दमात रिकामा करायचा, त्याशिवाय म्हातारा पलीकडे पोचत नाही. मरताना बापाने तो पेला उंगातच्या नावाने सांगून ठेवला होता. भाताची दारू घरी मुरत होती, पण तीनशे पाहुण्यांना ती कुठून पुरणार? देशात तर दारूचं दुकान औषधालाही नाही. मुसलमान नसलेल्या मोठ्या माणसाला सीमेपलीकडून दोन बाटल्या आणि बिअरचे बारा डबे आणता येतात, अठ्ठेचाळीस तासांत एकदा, पिवळ्या फॉर्मवर सही करून. म्हणून गेरिजीने बायकोला, लेमायला घेतलं, भावाला कामावरून उचलून गाडीत घातलं. तीन माणसं, सहा बाटल्या, छत्तीस डबे. हिशेब चोख होता.

घोळ एकच होता. चाळीस दिवसांपूर्वी उंगातने शहरातल्या एका कचेरीत दोन साक्षीदारांसमोर कलमा म्हटला होता आणि तो मुसलमान झाला होता. नोरहाया या मुसलमान मुलीशी लग्न करायचं म्हणून झाला हे खरं, पण नुसतं तेवढंच नव्हतं. तिथे त्याला शांत वाटलं होतं, आणि शांतता त्याच्या वाट्याला फारशी आलीच नव्हती. भावाला सांगू, उद्या सांगू, असं म्हणत चाळीस दिवस गेले. माणूस वाघाला भीत नाही इतका आपल्या माणसाच्या तोंडाला भितो, आणि उंगात तर हातालाही भीत होता.

परतताना कस्टमच्या काउंटरवर बाटल्या मांडून गेरिजीने पेन पुढे केलं. तिन्ही फॉर्म त्यानेच भरले होते. 'मी मुस्लिम नाही' या ओळीपुढे तीन ठसठशीत खुणा होत्या.

"कर सही."

"दादा, माझ्या नावावर नको."

"मग काय बकऱ्याच्या नावावर लिहू?"

लेमाय फिसकन हसली. काउंटरमागचे हाजी मतुसिनही हसले. वीस वर्षं कस्टममध्ये काढलेला हा जाडजूड, सबुरीचा माणूस गेरिजीला चांगला ओळखत होता.

"मला चालत नाही," उंगात म्हणाला. "चाळीस दिवस झाले, दादा. मी धर्म बदललाय."

हाजींचं हसू आधी थांबलं. गेरिजीला समजायला थोडा वेळ लागला. तो फॉर्मकडे बघत राहिला, मग भावाकडे. आणि मग त्याने उंगातचं डोकं केसांना धरून काउंटरवर आपटलं.

एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा काउंटरची काच तडकली. लेमाय मध्ये पडली, तिला कोपर बसलं आणि ओठ फाटून ती भिंतीशी जाऊन बसली. उंगात खाली कोसळला तसा गेरिजी त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसला आणि मारू लागला. मारताना तो ओरडत नव्हता, हळू बोलत होता, आणि तेच भयंकर होतं.

"बाप वाट बघतोय. दोन वर्षं वाट बघतोय. आणि तू मला आता सांगतोस? इथे? या पिवळ्या कागदावर?"

उंगातने हात वर केला नाही. मारून झालं की हा नेहमीसारखा जेवायला वाढेल, असं त्याला वेड्यासारखं वाटत होतं. पण गेरिजीने काउंटरवरची व्हिस्कीची बाटली उचलली, दातांनी बूच उडवलं, भावाचा जबडा दाबून उघडला आणि बाटली आत खुपसली. काचेवर दात वाजले. "बापाच्या नावाचं आहे. थुंकलास तर खबरदार."

दारू आणि रक्त एकदमच घशात गेलं. उंगात गुदमरला, त्याचे डोळे फिरले. तेवढ्यात दोन शिपायांनी गेरिजीच्या पाठीत दंडुके घातले, तिसऱ्याने गळ्याला विळखा घातला. त्याला उताणा पाडून बेड्या घालेपर्यंत एका शिपायाचं बोट मोडलं होतं.

हाजी काउंटरच्या बाहेर आले. उंगातला बसवून त्यांनी स्वतःच्या रुमालाने त्याचं तोंड पुसलं.

"पोरा, नीट ऐक. मुसलमानाला दारू पाजणं हा गुन्हा आहे. तुझा भाऊ काही वर्षं आत जाईल. तू स्वतः प्यायलास तर तू आत जाशील, आणि लग्नबिग्न ठरलं असेल तर त्याचं काय, ते तूच बघ. मी डोळ्यांनी बघितलंय. तरी तुझ्या तोंडून ऐकायचंय."

उंगातने जमिनीवर पडलेल्या भावाकडे पाहिलं. "मी प्यायलो," तो म्हणाला. शब्द फुटत नव्हते, म्हणून त्याने पुन्हा म्हटलं. "मी स्वतःच प्यायलो."

बेड्यांसकट गेरिजी उठला आणि शिपायांना काही कळायच्या आत त्याने दोन्ही हातांनी मिळून उंगातच्या कानशिलात हाणली.

"खोटं बोलतोस? खोटं बोलायला शिकवलं मी तुला?" आता तो ओरडत होता आणि रडतही होता. "लिहा, हाजीसाहेब. मी पाजली. जबरदस्तीने पाजली. याने एक घोटसुद्धा आपणहून घेतला नाही. हा लहानपणापासून असाच आहे, दुसऱ्याच्या वाट्याचा मार खातो."

हाजींनी लिहून घेतलं. बाटल्या जप्त झाल्या.

बाहेर उन्हात पोलिसांची गाडी उभी होती. पायरीवर गेरिजी थांबला. बायकोचा फाटलेला ओठ त्याने आता पहिल्यांदा पाहिला आणि नजर फिरवली.

"उंगात, गाडी तू चालव. तिला गिअर जमत नाहीत."

"दादा..."

"ऐक. शनिवारी पेला काकाला दे. तू पिऊ नकोस, तुला चालत नाही. पण शेजारी बस. म्हाताऱ्याला दोघांतला एक तरी दिसू दे."

चाळीस दिवस उंगात ज्याला घाबरला, तो हाच माणूस होता. सुजलेल्या तोंडातून त्याला हो म्हणता येईना, म्हणून त्याने जोरजोरात मान हलवली. तोवर शिपायांनी दार लावलं होतं आणि गाडी निघाली होती.