शैलाच्या गळ्यातला हार

फुकट शिकवायला कुणी समुद्र ओलांडून जातं का? मी माझ्या भाचीला, शैलाला, शंभरदा विचारलं. चार महिने सिलोनला राहायचं, विहाराच्या शाळेतल्या पोरींना इंग्रजी शिकवायचं, पगार नाही, जेवणखाण तेवढं मिळणार. "अगं, डिलाईल रोडला काय पोरी मेल्यात? आपल्या चाळीतली अर्धी पोरं इंग्रजीत गचकतात, त्यांना शिकव!" तर म्हणते, "आत्या, आपण आत्ता कुठे बौद्ध झालो. ते लोक पिढ्यान् पिढ्या आहेत. मला बघू तरी दे." बोलण्यात तिला कोण हरवणार! तिची आई गेल्यापासून मीच वाढवली, मीच शेफारून ठेवली.

त्या दिवशी पाचला बोट होती. माझं डोकं सकाळपासून तापलेलं. मिलमध्ये खाडा पडला होता, त्यात माझं जुनं हिरवं लुगडं आठवडाभर सापडत नव्हतं.

आणि नेमकी त्याच दुपारी आमच्या चाळीतून बायांची सत्याग्रहाची तुकडी निघायची होती. संयुक्त महाराष्ट्रासाठी आज ही चाळ, उद्या ती, असं चालायचं. बाया गळ्यात हार घालून निघायच्या, नाक्यावर घोषणा द्यायच्या, पोलीस गाडीत भरून न्यायचे. हारांची टोपली जिन्याखाली ठेवली होती. शैला पेटी घेऊन उतरली, तशी शेजारची चंपा टोपलीतला एक हार उचलून धावली. चंपा मालवणची, स्वतः तुकडीत निघालेली.

"चेडू दर्यापार चल्ला नि गळो मोकळो? बरा दिसता काय?"

घातला हार. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

नाक्यावर आम्ही टॅक्सी शोधत उभ्या होतो, तेवढ्यात मागून तुकडी आली. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" शिट्ट्या वाजल्या, पोलिसांची गाडी आली, आणि जिच्या जिच्या गळ्यात हार दिसला तिला तिला उचललं. शैलालाही. पेटीसकट.

"अहो साहेब, तिची बोट आहे!" मी गाडीच्या दाराला लटकले.

फौजदाराने तिकीट हातातसुद्धा घेतलं नाही. "रोज एकीची सासू मरते, एकीच्या घरी लग्न असतं. हिला बोट मिळाली! सुटायचंय ना? चळवळीशी माझा संबंध नाही, एवढं लिहून दे आणि जा."

गाडीतल्या बायांनी माना वळवल्या. सगळ्या शैलाकडे बघत होत्या. चंपासुद्धा.

"लिही गं," मी म्हटलं. "तू कुठे तुकडीत होतीस?"

"नव्हते. पण संबंधच नाही असं कसं लिहू, आत्या? यांच्यासमोर?" तिने तिकीट खांद्याच्या पिशवीत परत ठेवलं. "बोट गेली तर जाऊ दे."

जाऊ दे म्हणे! वर्षभर त्या बोटीसाठी जीव टाकणारी पोर! मला रडू आलं आणि तिचा संतापही आला. मी गाडीत चढले, तिच्या गळ्यातला हार ओढून काढला आणि माझ्या गळ्यात घातला.

"सत्याग्रहाला मी निघालेय. ही मला पोचवायला आली होती. हार तिच्याकडे दिला होता, तो तिने गळ्यात अडकवला."

"आणि ही पेटी?"

"माझी. तुरुंगात काय एका लुगड्यावर राहू?"

शैला तोंड उघडणार, तोच मी डोळे वटारले.

"होय सायबानू," चंपा म्हणाली, "हीच आमच्या तुकडीतली."

फौजदाराला डोकी भरायची होती, कुणाची का असेनात. त्याने शैलाला खाली उतरवलं. तिच्याकडे राहिली फक्त खांद्याची पिशवी, पासपोर्टाची नि तिकिटाची.

"पळ!" मी ओरडले. "उभी काय राहिलीस, घोडे!"

ती पळाली. टॅक्सीत शिरताना वळून तिने हात जोडले. "जय भीम, आत्या!" तोवर आमची गाडी सुटली होती.

तुरुंगात गेल्यावर मी पेटी उघडली. वर इंग्रजीची पुस्तकं, खडूचा डबा, दोन पांढरी पातळं. आणि तळाशी, नीट घडी घातलेलं, माझं हिरवं लुगडं.

आई गेली तेव्हापासून पोर माझ्या पदराचं टोक नाकाशी धरूनच झोपायची. मोठी झाल्यावर सवय सुटली असं मला वाटलं होतं. आता त्या परक्या देशात ती काय धरून झोपणार? मी लुगडं तोंडाशी धरलं आणि हमसून हमसून रडले.

"रडा नको गो," चंपा माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. तिला वाटलं, मी तुरुंगाला भ्याले.