उताणं खापर आणि फुकटी फुलं

मी एक जुनं खापर आहे आणि सध्या उताणा पडलेलो आहे. मित्रांनो, हे सांगताना थोडी लाज वाटते, कारण खापराचा जन्म पालथं बसण्यासाठी असतो. चुलीवर पालथं बसायचं, पाठ तापवून घ्यायची आणि तिच्यावर पुरणाचे भलेमोठे मांडे भाजू द्यायचे, हा आमचा खानदेशातला पिढीजात धंदा. माझ्या पोटात मात्र आज पाणी आहे, पाण्यात खडे आहेत आणि खड्यांवर बसून मधमाश्या पाणी पीत आहेत.

कुंभाराने मला थापलं, आव्यात भाजलं आणि अक्कलकुव्याच्या बाजारात मांडलं. मंगलाबाईंनी बोटाने टिचकी मारली. मी ‘टण्’ बोललो. एवढ्या एका शब्दावर माझी निवड झाली आणि त्यांच्या मांडीवर बसून एसटीने मी तापीकाठच्या त्यांच्या गावी आलो.

पुढची चौदा वर्षं माझ्या पाठीने माणसांची पारख केली. पुरणाचा मांडा समोर आला की माणूस उघडा पडतो. “पोट बरं नाही, अर्धाच वाढा,” म्हणणारे हेमकांत जावई तिसऱ्याला तूप कमी पडलं म्हणून रुसायचे. सगळे म्हणायचे, मंगलाबाईंच्या हाताला चव आहे. खापराच्या पाठीचं नाव कोणी काढलं नाही. मी काही मनाला लावून घेतलं नाही, फक्त लक्षात ठेवलं.

मग एका लग्नात घाईघाईने सारलेलं लाकूड लागून माझ्या काठाला चीर गेली. घरात गॅस आलाच होता. माझी रवानगी गोठ्यामागे झाली. तीन वर्षं तिथे शेजारची कोंबडी माझ्यावर बसून गावाकडे बघायची आणि मी तिच्या पायांकडे.

मला बाहेर काढलं ते उन्हाळ्याने. मंगलाबाईंनी स्वयंपाकघर सुनेच्या, मोहिनीच्या हाती दिलं होतं आणि अंगणात फुलबाग केली होती. गलांडा, झेंडू, सूर्यफुलं, झिनिया, आणि मंजिऱ्यांनी लगडलेल्या तुळशी. चैत्रातलं ऊन असं, की मधमाश्या ओल्या धुण्यावर येऊन चोखत बसायच्या. ते पाहून मंगलाबाईंनी मला उताणं केलं, वाळूत नीट बसवलं, पाणी भरलं आणि माश्या बुडू नयेत म्हणून खडे टाकले. चिरेतून थोडं पाणी झिरपतं खरं, पण त्यामुळेच मी गार राहतो.

माझ्याकडे येणारी मंडळी आता मी चांगली ओळखतो. सातेरी माशी सरळ येते, पाणी पिते आणि कामाला लागते. छोटी फुलोरी माशी नव्या सुनेसारखी आधी काठावर घुटमळते. काळा भुंगा एवढा गाजावाजा करत येतो, जणू ग्रामसभाच बोलावली आहे. आणि फुलपाखरू? ते प्रत्येक फुलाला भेट देतं, प्रत्येकाला आपलंच वाटतं आणि कोणाकडे दोन क्षण बसत नाही. असे पाहुणे मी मांड्यांच्या काळातही पुष्कळ पाहिले.

यंदा या बागेत एक काळजी उगवली होती. मंगलाबाईंच्या आईकडचं एक डांगर होतं. डांगर म्हणजे लाल भोपळा. पण हे लांब मानेचं आणि इतकं गोड, की भाजीत गूळ लागू नये. त्याच्या पाच बिया उरल्या होत्या. चार उगवल्याच नाहीत. पाचवीचा वेल माझ्या शेजारीच पसरला. गावात सगळीकडे केळी. असं डांगर दुसऱ्या कोणाच्याच अंगणात नाही. या वेलाला फळ धरलं नाही, तर ती जात संपली.

फुलं आली, भरपूर आली. पिवळीधमक, पहाटे उघडणारी, दहा वाजता मिटणारी. देठाशी चिमुकलं डांगर असलेलं एखादंच फूल, बाकीची नुसती लांब देठाची. मंगलाबाईंचे यजमान लोटननाना कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

“हाई फुकट्या फुलेसनं काय काम शे? बसीसन खातस नुसता!”

नानांची सारी हयात केळीत गेली. केळीचा घड बाहेर पडला की टोकाला लोंबणारं कमळ, म्हणजे केळफूल, तोडून टाकायचं, म्हणजे घड जाड होतो, हे त्यांना झोपेतही ठाऊक. शिवाय केळी धरायला माशी लागत नाही, त्यामुळे माशी म्हणजे त्यांच्या मते चावणारी रिकामटेकडी. नानांनी तोच न्याय डांगराला लावला. रोज सकाळी फिरून बिनफळाची फुलं खुडली, कळ्यासुद्धा. वर माझ्याच काठाशी उकिडवं बसून मिशीला पीळ दिला.

आठवड्यात दोन चिमुकली डांगरं पिवळी पडली, सुकली, गळाली. मंगलाबाई ती हातात घेऊन बसल्या. “मन्ही मायनं बी शे. संपी गयं तं कोठून आनू?”

सकाळची कामं लवकर आटोपून मोहिनी माझ्याजवळ येऊन बसू लागली, नानांनी खुडलेली फुलं बोटाने चोळू लागली आणि माश्या बघू लागली. सासूला वाटलं, सून उन्हाने भ्रमली. पण तिसऱ्या दिवशी ती उठली ती पदर सावरून.

आता या घरची एक रीत ऐका. सून सासऱ्याशी तोंडावर वाद घालत नाही. घालायचाच झाला, तर मध्ये कोणीतरी लागतं; कोणी नसेल तर भिंत, मांजर, काहीही. त्या दिवशी मी होतो.

“खापरबाबा, नानासले सांगा,” मोहिनी माझ्याकडे बघत म्हणाली, “झेंडूवर माशी बठस, तिना पायले पिवळं लागस. आपला डांगरमधून ती कोरी निंघस. भुकटी त्या फुकट्या फुलेसमाच ऱ्हास. ती नई, तं फळ नई.”

नानाही माझ्याकडेच बघून गरजले, “खापर, तिले सांग, चाळीस वरीस मी केळी पिकाडी!”

“खापरबाबा, सांगा त्यासले, हाई केळी नई शे!”

दोघांचं सारं माझ्या तोंडावर. पाणी नसतं तर मी पुन्हा तडकलो असतो. मंगलाबाईंनी मात्र नवऱ्याकडे अशी नजर टाकली, की नाना वेलापासून दोन पावलं मागे सरले.

वेलावर फळाची एकच कळी उरली होती, उद्या उमलणारी. आणि लांब देठाची? मोहिनीने पान न् पान उलटलं. माझ्या चिरेतून झिरपलेल्या ओलाव्यावर, पानाखाली लपलेली एक कळी नानांच्या हातून सुटली होती. तीही उद्याचीच.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिघं माझ्याभोवती बसली. दोन्ही फुलं उघडली. नाना अगदी कुजबुजत म्हणाले, “उनी, उनी!” आली होती एक सातेरी; ती लांब देठाच्या फुलात शिरली, आत लोळली आणि हळदीला बसलेल्या नवरीसारखी पिवळी होऊन बाहेर पडली. उडाली ती थेट माझ्या खड्यावर. तिघंही खड्याकडे वाकली. ही आता तुळशीकडे गेली तर?

“पेवू द्या तिले,” मंगलाबाई म्हणाल्या.

माशी निवांत पाणी प्याली. मग उठली आणि चिमुकल्या डांगराच्या फुलात जाऊन बसली. तिच्यामागून आणखी दोघी आल्या. नाना दहा वाजेपर्यंत जागचे हलले नाहीत, चहासुद्धा तिथेच मागवला.

ते डांगर धरलं, वाढलं आणि पाऊस तोंडावर असताना पिकलं. एक फळ, पण मान काय ऐटीत! काल ते चिरलं. मंगलाबाईंनी बिया राखेत घोळून सुपात पसरल्या. शेजारच्या नर्मदाबाईंना दहा, मोहिनीच्या माहेरी चिंचपाड्याला दहा. जात आता एका अंगणाच्या भरवशावर नाही.

मित्रांनो, तुम्हीही उन्हाळ्यात बागेत एखादं पसरट भांडं भरून ठेवा, खडे घालायला विसरू नका. आणि कोणाला फुकट्या म्हणायचं असेल तर आधी एक सकाळ त्याच्याशेजारी बसून पाहा.

सुपातली एक चपटी, पोकळ बी नानांनी चिमटीत धरली. या वेळी माझी मध्यस्थी त्यांना लागली नाही. थेट सुनेलाच विचारलं, “मोहिनी, हाई फेकू का राहू देऊ?”

मोहिनीने ती उजेडात धरून पाहिली आणि पदराआड हसली.

“फेका नाना. हाई खरंच फुकटी शे.”